तात्पुरते बंद

समिधा : …म्हणजे दोन्ही डब्या बंद?

कृष्णकांत : दोन्ही. जुनी बंद, नवी बंद. जुनी तुझ्या वडिलांच्या हातून गेली. नवीबद्दल मी अजून कोणावर ठपका ठेवलेला नाही.

समिधा : ठेवलात की, बाबा. दोन्ही घरांच्या ग्रुपवर लिहिलंत, 'व्याह्यांनी पाठवलेलंही तसलंच निघालं.' आणि त्याला अंगठा तुम्ही स्वतःच दिलात.

कृष्णकांत : तो चुकून लागला. माझी बोटं जाड आहेत.

समिधा : सरका जरा. सातव्या महिन्यात हात तेवढेच राहतात आणि टेबल लांब जातं.

कृष्णकांत : अगं, पण उद्या तुझं डोहाळजेवण. उत्सवमूर्तीने आदल्या दिवशी तारा उपसत बसायचं?

समिधा : उद्या गाणी वाजली पाहिजेत असं आईंचं म्हणणं आहे. मघाशी म्हणाल्या, 'घरात साबणाच्या दोन डब्या, आणि फेस एकीलाही नाही.'

कृष्णकांत : ती साबणाची डबी नाही, डॅक आहे, लॅपटॉपमधलं गाणं मोठ्या स्पीकरला पोचवणारा. तिला शंभरदा सांगितलं. आणि हे तुला कधी म्हणाली? माझ्याशी तर काही बोलली नाही.

समिधा : तीन आठवडे त्या तुमच्याशी बोलतच नाहीयेत.

कृष्णकांत : बोलते. 'चहा.' 'जेवण.' 'गॅसवाला.' वाक्यात क्रियापद नसतं, एवढंच.

समिधा : लॅपटॉपचा पासवर्ड टाका.

कृष्णकांत : मी टाकतो, तू तिकडे बघ. हा पासवर्ड या घरात फक्त मला माहीत आहे. अणुवीज केंद्रात एकतीस वर्षं काढली ती उगाच नाही. ज्याचं यंत्र, त्याची जबाबदारी.

समिधा : बघितलं तिकडे. आता सांगा, काय काय तपासलंत?

कृष्णकांत : नोंदवहीच केली आहे. तार बदलली. भोक बदललं. अँप्लिफायर फोनला लावून बघितला, चोख वाजतो. लॅपटॉपचा स्वतःचा बारका स्पीकर वाजतो. म्हणजे दोष मधल्या डबीत. लिनक्सवाल्यांच्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावरही विचारलं. तिथे एक जर्मन गृहस्थ होते. त्यांनी सतरा प्रश्न विचारले आणि शेवटी, तुम्ही प्रामाणिकपणे उत्तरं देत नाही, असं लिहून गेले.

समिधा : मला का नाही विचारलंत? या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मीच घातलं. कारखान्यातली चौदा मशिनं मी रोज हेच करून उठवते.

कृष्णकांत : तुला कसं विचारणार? तुझ्या वडिलांनी बिघडवलेली वस्तू तुझ्याचकडून दुरुस्त करून घ्यायची, हे मला प्रशस्त वाटेना.

समिधा : किती जपलंत मला.

कृष्णकांत : टोमणा कळला.

समिधा : ही यादी बघा. लॅपटॉपच्या भोकांना काय काय जोडलेलं आहे, ते. हा माउस. हा कॅमेरा. आणि हा तुमचा डॅक.

कृष्णकांत : दिसतो?

समिधा : स्पष्ट दिसतो. नावासकट.

कृष्णकांत : जुना की नवा?

समिधा : आत्ता जुना लावलाय. थांबा, नवा लावते. हा बघा, हाही दिसतो. दोन्ही जिवंत आहेत, बाबा. दोघांपैकी कोणीही बिघडलेलं नाही.

कृष्णकांत : मग वाजत का नाहीत?

समिधा : आता ही दुसरी यादी. आवाज ज्यांच्याकडे पाठवता येतो, त्यांची. यात बारका स्पीकर आहे. डॅक नाही.

कृष्णकांत : पहिल्या यादीत आहे, दुसऱ्यात नाही. म्हणजे काय समजायचं?

समिधा : दारात उभा आहे, घरात घेतलेला नाही.

कृष्णकांत : कोणी घेतला नाही?

समिधा : तेच बघते. आत घ्यायचं काम ज्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमचं, तो उठलेलाच दिसत नाही. बरं, त्या रविवारी नेमकं काय झालं? पहिल्यापासून सांगा.

कृष्णकांत : नागोराव चारला आले. चहा झाला. मी त्यांना या खुर्चीत बसवलं आणि थोडं समजावलं.

समिधा : पाऊण तास. अप्पांनी मला सांगितलं. लॅपटॉपमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे असतात, ही डबी त्या आकड्यांचा आवाज करून अँप्लिफायरला देते. एवढ्या दोन वाक्यांना तुम्हांला पाऊण तास लागला.

कृष्णकांत : आकृती काढली होती. मग नुसता तंबोरा लावला. गाणं नाही, फक्त तंबोरा. म्हटलं, तीस वर्षं बॉयलरशेजारी काढलेल्या माणसाला जेवढं पोचेल तेवढं पोचेल. आवाज वाढवला. ते अगदी पुढे सरकून बसले. आणि थोड्या वेळाने म्हणाले, 'चार तारा हायेत.'

समिधा : हं.

कृष्णकांत : बरोबर चार. मग मी आत फोनवर बोलायला गेलो. तुझे वडील एकटेच ऐकत बसले होते, तासभर तरी. जाताना लॅपटॉप बंद करून गेले.

समिधा : कसा बंद केला? तार ओढून?

कृष्णकांत : नाही. मेनूत जाऊन. रीतसर. मला दारातून विचारलंसुद्धा, 'बंद करू का?' मी हातानेच 'हो' म्हटलं. चालू मशीन सोडून घरी जायचं त्यांच्या जिवावर येतं म्हणे.

समिधा : बॉयलरची सवय. आणि तुम्ही तो एरवी कधी बंद करता?

कृष्णकांत : मी नुसतं झाकण लावतो. अकरा महिने अखंड चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केला, तर डॅक गायब. आता तूच सांग. रविवारी संध्याकाळी वाजत होता, मधे हात कोणाचा लागला? एकाच माणसाचा. यात माझा तर्क कुठे चुकतो?

समिधा : चुकलाय असं मी म्हटलं का? शोधतेय. आवाजाशी संबंधित कुठली फाइल तुम्ही बदलली होती?

कृष्णकांत : छे! आणि समजा काही केलंच असेल, तर नोंद केल्याशिवाय करणार नाही. आमच्याकडे टॅगची पद्धत. कुठलंही यंत्र कामासाठी बंद केलं की त्यावर लाल टॅग टांगायचा. 'बंद आहे, चालू करू नये', खाली नाव, तारीख, वेळ. आणि तो टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. साहेबसुद्धा हात लावत नाही.

समिधा : आणि लावणारा घरी गेला असेल तर?

कृष्णकांत : घरून बोलावून आणतात! मला डहाणूहून, मेव्हण्याच्या लग्नातून आणलं होतं. अक्षता हातात. एक पंप माझ्या टॅगमुळे अडला होता. जीप आली, गेलो, टॅग काढला, सही केली, परत गेलो तर जेवणं उरकलेली. तुझ्या सासूबाई ते अजून ऐकवतात. म्हणजे, ऐकवायच्या.

समिधा : बाबा.

कृष्णकांत : काय?

समिधा : चष्मा लावा.

कृष्णकांत : का? सापडलं काही?

समिधा : ही एक फाइल आहे. कोणते ड्रायव्हर उठवायचे नाहीत, ते सांगणारी. मोठ्याने वाचा. मला वाकता येत नाही.

कृष्णकांत : 'तात्पुरते बंद. चालू करू नये.'

समिधा : पुढे.

कृष्णकांत : पुढे नाव आहे.

समिधा : कोणाचं?

कृष्णकांत : 'कृ. चुरी. दिनांक तीन ऑगस्ट, सकाळी नऊ चाळीस.'

समिधा : आणि अप्पा कधी आले होते?

कृष्णकांत : चार वाजता. त्याच दिवशी. …अगं, पण हे कसं शक्य आहे? संध्याकाळपर्यंत वाजत होता ना तो!

समिधा : कारण ही ओळ लॅपटॉप नव्याने सुरू होताना वाचली जाते. तुमचा अकरा महिने सुरूच होता. ड्रायव्हर आधीच उठून कामाला लागलेला. अप्पांनी रीतसर बंद केला, सकाळी तुम्ही सुरू केलात, आणि त्याने तुमचा टॅग वाचला. कोणी लावलाय? चुरीसाहेबांनी. मग कोण हात लावणार?

कृष्णकांत : नवीन डबीसुद्धा…

समिधा : शंभर डब्या आणल्या असत्या तरी दारातच राहिल्या असत्या. का केलं होतंत हे?

कृष्णकांत : ते नको विचारू.

समिधा : विचारते.

कृष्णकांत : त्या सकाळी तुझ्या हर्षितचा व्हिडिओ कॉल आला. आवाज लॅपटॉपमधून यायचा, तो डबीतून गेला आणि बाहेरच्या मोठ्या स्पीकरवर लागला. त्यात तो म्हणाला, 'बाबा, हेडफोनचं पार्सल आलं का? आईला कळू देऊ नका.' तुझ्या सासूबाई ओट्यावर अळूची पानं निवडत होत्या. शेजारची प्रतीक्षाही होती.

समिधा : म्हणून तुम्ही डॅकच बंद केलात.

कृष्णकांत : तात्पुरता. लिहिलंय ना तसं. इंटरनेटवर वाचून ती ओळ टाकली. डबी तरीही वाजतच राहिली, म्हणून समजलो की ओळ लागूच पडली नाही. आणि विसरलो. तीन आठवडे मी माझाच टॅग शोधतोय आणि गुन्हेगार म्हणून… तू हसत का नाहीस? हसण्यासारखं आहे हे.

समिधा : फोन उघडा. ग्रुप. चार ऑगस्ट.

कृष्णकांत : मला पाठ आहे.

समिधा : मग म्हणा.

कृष्णकांत : 'ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनी अशा नाजूक वस्तूंना हात लावू नये.'

समिधा : पुढे एक चेहरा होता.

कृष्णकांत : हसरा. गंमत वाटावी म्हणून टाकला होता.

समिधा : तो चेहरा सगळ्यांत वाईट होता, बाबा. अप्पांनी मला दाखवून विचारलं, 'हे हसायलेत कशाला?' मग ग्रुपमधून बाहेर कसं पडायचं, ते विचारलं. मीच दाखवलं.

कृष्णकांत : आणि आठवड्याने ही नवी डबी पाठवली. ती आली तेव्हाच मला समजायला हवं होतं. मी उलट खोक्यावर ओरखडा आहे का ते बघत बसलो.

समिधा : अप्पा पालघरला कानाच्या मशीनचं माप द्यायला जाणार होते. आईने डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती. ते गेलेच नाहीत. दुकानदार जितेशकडे जाऊन म्हणाले, व्याह्यांकडे आहे अगदी तसलीच मागव. कानाचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

कृष्णकांत : हे मला कोणी सांगितलं नाही.

समिधा : सांगू नको म्हणाले होते. आता सांगितलं.

कृष्णकांत : उद्या येणार नाहीत ना ते?

समिधा : आईला पाठवतायत. त्यांना म्हणे ड्यूटी आहे.

कृष्णकांत : ड्यूटी? त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली!

समिधा : हो. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझं डोहाळजेवण, आणि माझा बाप या घराच्या उंबऱ्यात यायला लाजतोय. मी कोणत्या तोंडाने सांगू, या म्हणून?

कृष्णकांत : …ती ओळ पुसून टाक बाई. आत्ता.

समिधा : मी नाही पुसणार.

कृष्णकांत : का?

समिधा : टॅग माझा नाही.

कृष्णकांत : …सरक. कुठे ठेवू बोट? इथे? गेली का?

समिधा : अर्धीच गेली. 'चालू करू नये' राहिलंय.

कृष्णकांत : बोटं जाड आहेत. हां. गेली. आता?

समिधा : आता रीतसर बंद करा. मेनूत जाऊन. अप्पांनी केला तसा. आणि पुन्हा सुरू करा.

कृष्णकांत : किती वेळ घेतो हा… दिवा लागला. डबीचा दिवा लागला, समिधा! यादीत आला?

समिधा : आला. तंबोरा लावू?

कृष्णकांत : नको.

समिधा : वाजतोय की नाही, ते तरी बघू.

कृष्णकांत : वाजेल. मला आत्ता ऐकवणार नाही. ग्रुपवर लिहितो. सविस्तर. तारीख-वेळेसकट.

समिधा : अप्पा ग्रुपवर नाहीत.

कृष्णकांत : मग फोन करतो.

समिधा : फोनवर त्यांना काही समजत नाही. समोर असलं तरच समजतं. बॉयलरवाल्यांचं तसंच असतं.

कृष्णकांत : म्हणजे जीप पाठवून बोलावणं आलंय म्हण. …बोईसरची रिक्षा आता नाक्यावर मिळेल ना?

समिधा : मिळेल. आणि आईंचं ऐकलंत का? स्वयंपाकघरातून म्हणाल्या, 'अळूवड्यांचा डबा घेऊन जा, आणि तो शर्ट बदला.'

कृष्णकांत : ऐकलं. दोन क्रियापदं होती.

(बोईसर. त्याच संध्याकाळी, नागोरावांच्या दारात.)

नागोराव : कोण? व्याहीबुवा! या, या. आज वाट कशी वाकडी केली? आमची साखरबाई देवळात गेली बगा. बसा. हे काय आणलं?

कृष्णकांत : अळूवड्या आहेत. आणि एक… नागोराव, ती डबी तुमच्यामुळे बिघडली नव्हती.

नागोराव : काय म्हणायलात?

कृष्णकांत : ती डबी. तुमच्यामुळे बिघडली नव्हती.

नागोराव : जरा मोठ्यानं बोला की. मला ऐकू येत न्हाई, ते तुम्ही समद्यांना कळवलंच हाय.

कृष्णकांत : डबी तुमच्यामुळे बिघडली नव्हती!

नागोराव : मंग कुणामुळं?

कृष्णकांत : माझ्यामुळे!

नागोराव : आं?

कृष्णकांत : माझ्यामुळे! मीच बंद केली होती! माझ्याच हाताने! आणि विसरलो!

नागोराव : हळू, हळू. लोक गॅलरीत यायलेत. ती बगा, वरच्या मजल्यावरची तेजल इचारायलीय, कोण भांडतंय म्हणून. तिला सांगा तुम्हीच.

कृष्णकांत : काय सांगू?

नागोराव : जे मला सांगितलं तेच. म्हातारा माणूस हाय मी, मधी काही चुकायचं माझ्याकडनं.

कृष्णकांत : भांडण नाही, ताई! मी यांच्यावर खोटा आळ घेतला होता! तो परत घ्यायला आलोय!

नागोराव : कळलं तिला. मान हलवली. तिच्या मागं शैलेश उभा हाय, त्याला अर्धंच कळलेलं दिसतंय.

कृष्णकांत : नागोराव, आता पुरे.

नागोराव : बरं. आत या. पाणी घ्या. घाम आलाय तुम्हांला.

कृष्णकांत : ही डबी तुमची. तुम्ही पाठवलेली. काही झालेलं नाही तिला. आणि हे हेडफोन. नवे आहेत, खोक्यातून काढले नव्हते. यांची एक वेगळीच कथा आहे, ती नंतर. डबी तुमच्या फोनलाही लागते. द्या इकडे. कानावर बसवा. घट्ट झाले का?

नागोराव : न्हाई. बरे हायेत. गादीवानी.

कृष्णकांत : थांबा, तंबोरा शोधतो. …आणि सोमवारी तुम्ही-आम्ही पालघरला जाऊ. कानाचं माप द्यायला. तुम्हांला ऐकू येत नसणार आत्ता, कान झाकलेत, तेही बरंच. डबीचं ओरडून सांगता आलं. पण ते जे लिहिलं ना मी, ऐकू न येणाऱ्यांबद्दल, आणि पुढे तो चेहरा टाकला, ते ओरडून सांगायला तोंड नाय माझं. चार तारा ओळखल्या तुम्ही. मला इतकी वर्षं तीनच वाटत होत्या. पुस्तकात बघितलं तेव्हा कळलं, चार असतात. लाज वाटते हो.

नागोराव : दुसरी आन् तिसरी यकाच सुरात हायेत. म्हणून तुम्हांला तीन वाटल्या असतील.

कृष्णकांत : …तुम्हांला ऐकू आलं?

नागोराव : ऐकू कुठलं येतंय! बॉयलरच्या घरघरीत तीस वर्षं कोण कुणाचं ऐकत होतं? समदा कारभार ओठांवर. समोरच्याचं तोंड दिसलं की झालं.

कृष्णकांत : म्हणजे मघाशी दारात मी पहिल्यांदा हळू बोललो, तेव्हाच…

नागोराव : तेव्हाच कळलं.

कृष्णकांत : मग मला सगळ्या चाळीदेखत ओरडायला का लावलंत?

नागोराव : तुमचं ते लिवलेलं सव्वीस माणसांनी वाचलं, व्याही. गॅलरीत जेमतेम अकरा जमली. बाकीची उद्या वाणगावला तुमच्या घरी भेटतीलच की आपल्याला, पोरीच्या डोहाळजेवणात. …लावा आता तंबोरा.